एकमेकांना गाठणारे सौर उद्रेक: प्रतिमा पाहण्यापासून सिम्युलेशनपर्यंत

मे २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात सूर्यावरच्या एकाच डागसमूहाने, क्रमांक १३६६४ने, पृथ्वीच्या दिशेने एकापाठोपाठ एक उद्रेक सोडले. ते सुटले वेगवेगळे, पण पृथ्वीपाशी पोचेपर्यंत त्यांतले बरेच एकमेकांत मिसळले होते. १० आणि ११ मे रोजी झालेले भूचुंबकीय वादळ जी-५ या सर्वांत वरच्या दर्जाचे होते. त्या दर्जाचे आधीचे वादळ ऑक्टोबर २००३मधले. वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती घटले हे सांगणारा डीएसटी निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लाच्या खाली गेला आणि लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल प्रभा टिपली गेली.

अशा वादळाकडे 'इतक्या उद्रेकांची बेरीज' म्हणून पाहिले की हिशेब चुकतो. पहिला उद्रेक दुसऱ्याची वाट बदलतो, दुसरा पहिल्याला मागून दाबतो, आणि पृथ्वीवर येऊन आदळते ती तिसरीच वस्तू असते. म्हणून सुट्या उद्रेकाचा अभ्यास करण्याची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. पहिल्या पायरीपासून दोघांचा हिशेब एकत्र ठेवावा लागतो. हा लेख ते काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे. पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र, थोडे पायथन आणि साधा लॅपटॉप एवढ्यावर सुरुवात होते. प्रतिमा आणि मोजमापे जवळजवळ सगळी विनामूल्य मिळतात.

आधी वस्तू ओळखून घ्या

आपण ज्याला इथे उद्रेक म्हणतो तो म्हणजे कोरोनल मास इजेक्शन, रोजच्या बोलण्यात सीएमई. सूर्याच्या कोरोनातून, म्हणजे बाहेरच्या विरळ वातावरणातून, सुटलेला, चुंबकीय क्षेत्राने बांधलेला प्लाझ्माचा प्रचंड लोट. वस्तुमान साधारण १०० कोटी टनांच्या घरात, वेग सेकंदाला अडीचशे किलोमीटरपासून तीन हजारांपर्यंत. आतले चुंबकीय क्षेत्र पीळ दिलेल्या दोरासारखे असते. सौरज्वाला ही वेगळी गोष्ट. ज्वाला म्हणजे प्रकाशाचा आणि क्ष-किरणांचा भडका, तो आठ मिनिटांत आपल्यापर्यंत येतो. सीएमईला यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ नेहमी होते, तुमच्या नोंदवहीत होऊ देऊ नका.

दोन सीएमई एकमेकांवर परिणाम करतात तो मुख्यतः तीन प्रकारांनी. पहिला प्रकार रस्ता मोकळा होण्याचा. पुढे गेलेला उद्रेक सौरवाऱ्यातला, म्हणजे सूर्यापासून सतत वाहणाऱ्या कणप्रवाहातला, माल झाडून नेतो, मागून येणाऱ्याला विरळ वाट मिळते आणि तो फारसा मंदावत नाही. ४ ऑगस्ट १९७२चा उद्रेक सूर्यापासून पृथ्वीपर्यंत १४.६ तासांत आला, तो असाच आधीच्या उद्रेकांनी साफ केलेल्या वाटेने. त्या वादळात व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पेरलेले चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले होते. दुसऱ्या प्रकारात मागच्या उद्रेकाची आघातलाट पुढच्याच्या अंगात शिरते आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र दाबून वाढवते. तिसरा प्रकार प्रत्यक्ष टकरीचा. दोघे एकमेकांना ढकलतात, कधी दिशा बदलतात, कधी एकमेकांत विरून जातात. २००१मध्ये नाचिमुथुक गोपालस्वामी आणि सहकाऱ्यांनी रेडिओ संकेतांच्या आधारे या गिळंकृत होण्याला 'सीएमई कॅनिबलिझम' हे नाव दिले आणि ते रूढ झाले. मला ते नाव अर्धेच पटते. बहुतेक वेळा मागचा पुढच्याला गिळत नाही, त्याच्यावर मागून रेटून बसतो.

पायरी १: जोडी शोधा

सुरुवात नेहमी प्रतिमांपासून करा, कोडपासून नको. हेलिओव्ह्यूअर हे संकेतस्थळ किंवा त्याचे संगणकावर चालणारे भावंड जेहेलिओव्ह्यूअर उघडा आणि सोहो यानाच्या लास्को करोनाग्राफची चित्रफीत लावा. सोहो २ डिसेंबर १९९५ला सुटले आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूजवळून सूर्य पाहते. लास्कोचा सी२ सूर्यकेंद्रापासून सुमारे १.५ ते ६ सौर त्रिज्यांचा पट्टा दाखवतो, सी३ सुमारे ३.७ ते ३०. मधली तबकडी सूर्याचा झगझगीत गोळा झाकते म्हणून भोवतालचा मंद कोरोना दिसतो.

साध्या प्रतिमेत उद्रेक फिका दिसतो. एका प्रतिमेतून आधीची प्रतिमा वजा केली की हललेले तेवढेच उठून येते. याला रनिंग डिफरन्स म्हणतात. मात्र दोन उद्रेक पाठोपाठ असताना ही पद्धत फसवते. पहिल्याच्या शेपटीची काळी छाया दुसऱ्याच्या कडेवर पडते आणि कड पुढे-मागे वाटते. तेव्हा दोन्ही उद्रेकांच्या आधीची एक शांत प्रतिमा निवडा आणि तीच सगळ्यांतून वजा करा. दोन्ही तऱ्हेच्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागली की डोळा तयार होतो.

यादी हवी असेल तर नासाच्या सीसीएमसी केंद्राची डॉन्की ही नोंदवही आहे, लास्कोच्या प्रतिमा डोळ्यांनी तपासून केलेली सीडॉ सूची आहे आणि संगणकाने आपोआप केलेली कॅक्टस सूची आहे. जोडी निवडताना तीन गोष्टी पाहा: मागचा पुढच्यापेक्षा वेगवान आहे का, दोघांची दिशा साधारण एक आहे का, आणि दोन सुटण्यांमधले अंतर काही तासांपासून दीडेक दिवसाच्या आत आहे का. एकाच डागसमूहातून निघालेले उद्रेक बहुधा पहिल्या चाळणीत टिकतात. सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहा. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांच्या घोळात एक संध्याकाळ वाया गेली की हा नियम कायमचा लक्षात राहतो.

पायरी २: वेग मोजा, आणि तो वेग खरा नाही हे लक्षात ठेवा

समजा सी३मध्ये उद्रेकाची पुढची कड ८ सौर त्रिज्यांवर होती आणि ३६ मिनिटांनी, म्हणजे बारा-बारा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या चौथ्या प्रतिमेत, ती ११वर आली. एक सौर त्रिज्या सुमारे ६ लाख ९६ हजार किलोमीटर. तीन त्रिज्या म्हणजे जवळजवळ २०.९ लाख किलोमीटर. भागिले २,१६० सेकंद. उत्तर सेकंदाला साधारण ९६५ किलोमीटर.

आता कड ठरवताना तुमची पाचेक पिक्सेलची चूक झाली असे धरा. सी३मध्ये एका सौर त्रिज्येत जेमतेम १७ पिक्सेल येतात. पाच पिक्सेल म्हणजे दोन लाख किलोमीटर, आणि वेगात सेकंदाला शंभरेक किलोमीटरचा फरक. म्हणून दोनच प्रतिमांवर वेग काढू नका. आठ-दहा बिंदू घ्या, रेषा बसवा, आणि तेच मोजमाप दुसऱ्या दिवशी आधीचे आकडे न पाहता पुन्हा करा. दोन दिवसांच्या उत्तरांमधला फरक हीच तुमच्या मोजमापाची प्रामाणिक त्रुटी.

आणखी मोठी अडचण अशी की करोनाग्राफला दिसते ती सावलीसारखी सपाट आकृती. उद्रेक थेट आपल्याकडे येत असेल तर तो सूर्याभोवती कड्यासारखा पसरताना दिसतो. त्याला हॅलो म्हणतात. त्या कड्याचा वेग हा फुगण्याचा वेग असतो, आपल्याकडे येण्याचा नसतो. पृथ्वीला धोका असणारे उद्रेक नेमके याच गटातले.

पायरी ३: दुसऱ्या कोनातून पाहा

सपाट आकृतीचे घनरूप करायचे तर निदान दोन जागांवरून पाहावे लागते. ऑक्टोबर २००६मध्ये सुटलेली स्टिरिओची जोडी यासाठीच होती. एक यान पृथ्वीच्या पुढे, एक मागे. स्टिरिओ-बीशी संपर्क ऑक्टोबर २०१४मध्ये तुटला. स्टिरिओ-ए काम करत राहिले, पण ऑगस्ट २०२३मध्ये ते पृथ्वीच्या जवळून पुढे गेले. त्या सुमाराच्या घटनांमध्ये, मे २०२४च्या घटनेतही, त्याचा कोन पृथ्वीच्या कोनापेक्षा फारसा वेगळा नव्हता. घटना निवडण्याआधी त्या दिवशी कोणते यान कुठे होते याचा नकाशा काढा. ही पायरी गाळणारे पुढे आठवडे घालवतात आणि मग कळते की दोन्ही प्रतिमा एकाच बाजूच्या होत्या.

घनरूप बसवण्यासाठी सर्वाधिक वापरला जातो तो जीसीएस नमुना, थर्निसिएन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला. त्याचा आकार वळवलेल्या पोकळ नळीसारखा. दोन्ही पाय सूर्याला टेकलेले आणि मधला भाग फुगलेला. सहा आकडे ठरवायचे: रेखांश, अक्षांश, कलणे, उंची, दोन पायांमधला कोन आणि नळीची जाडी. पायथनमध्ये सनपाय या संचाच्या आधारे हे करणारी साधने उपलब्ध आहेत. तारांची जाळी दोन्ही प्रतिमांवर एकाच वेळी टाकायची आणि ती कडांवर बसेपर्यंत आकडे हलवायचे.

दोन उद्रेकांसाठी दोन जाळ्या लागतात. पहिली बसवताना दुसऱ्याचा विचार करू नका. पहिली पक्की झाली की तिला पुढच्या वेळेपर्यंत वाढवत न्या आणि मगच दुसरी बसवा. नाहीतर दुसऱ्याने झाकलेली पहिल्याची कड तुम्ही दुसऱ्याच्या खात्यात जमा कराल. कलण्याच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये हे माझे ठाम मत आहे. निष्णात माणसांचीही त्यात वीस-तीस अंशांची तफावत सहज येते.

आता नव्या नजराही आल्या आहेत. फेब्रुवारी २०२०मध्ये सुटलेले सोलर ऑर्बिटर सूर्याच्या जवळून वेगवेगळ्या कोनांतून पाहते. इस्रोचे आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ला आपल्या कक्षेत पोचले. त्यावरचा वेल्क करोनाग्राफ १.०५ सौर त्रिज्येपासूनचा कोरोना पाहू शकतो, म्हणजे उद्रेक जिथे वेग घेतो तो भाग. त्याची मोजमापे इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर मिळतात. मार्च २०२५मध्ये सुटलेले पंच हे चार लहान उपग्रहांचे पथक सूर्यापासून बऱ्याच अंतरापर्यंतचा सौरवारा एकाच रुंद चित्रात टिपण्यासाठी बांधलेले आहे. परस्परक्रियेच्या अभ्यासाला ते फार उपयोगी पडेल, कारण बहुतेक गाठीभेटी करोनाग्राफच्या चौकटीबाहेर होतात.

पायरी ४: टक्कर आधी कागदावर करा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या अशी माझी विनंती आहे. मोठे सिम्युलेशन चालवण्याआधी एका तक्त्यात टक्कर कुठे होईल हे काढता आले पाहिजे. ते आले नाही तर सिम्युलेशनने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

यासाठी ड्रॅग-बेस्ड मॉडेल पुरते. कल्पना सोपी आहे: सूर्यापासून वीसेक त्रिज्या दूर गेल्यावर उद्रेकावर मुख्यतः सौरवाऱ्याचा रोध चालतो. उद्रेक वाऱ्यापेक्षा वेगवान असेल तर मंदावतो, सावकाश असेल तर वारा त्याला ओढून नेतो. रोध वेगफरकाच्या वर्गावर अवलंबून असतो. त्याचा गुणांक गॅमा लिहितात. मला त्याचा व्यस्त वापरणे सोपे वाटते, त्याला रोधलांबी म्हणू. जड, वेगवान उद्रेकाची रोधलांबी ५ कोटी किलोमीटरच्या आसपास, हलक्या उद्रेकाची ५० लाखांपर्यंत खाली. मग वाऱ्यापेक्षा वेगवान उद्रेकासाठी सूत्रे अशी:

अंतर = सुरुवातीचे अंतर + वाऱ्याचा वेग × वेळ + रोधलांबी × नैसर्गिक लॉग (१ + वेगफरक × वेळ ÷ रोधलांबी)

वेग = वाऱ्याचा वेग + वेगफरक ÷ (१ + वेगफरक × वेळ ÷ रोधलांबी)

एक उदाहरण सोडवू. वारा सेकंदाला ४०० किलोमीटर, दोघांची रोधलांबी ५ कोटी, सुरुवात २० सौर त्रिज्यांवरून, म्हणजे १.३९ कोटी किलोमीटरवरून. पहिला उद्रेक तिथून ५०० किमी/से वेगाने निघाला. दुसरा बारा तासांनी, १,२०० किमी/से वेगाने.

दोघांची अंतरे समान करून वेळ काढली की दुसऱ्याने पहिल्याला गाठायला ११.३ तास लागतात. पहिल्याच्या घड्याळात तेव्हा २३.३ तास झालेले असतात. जागा: सूर्यापासून सुमारे ५.५ कोटी किलोमीटर, पृथ्वीच्या वाटेचा जेमतेम तिसरा हिस्सा पार केल्यावर. त्या क्षणी पहिल्याचा वेग ४८६ आणि दुसऱ्याचा ८८५.

आता टक्कर. पहिल्याचे वस्तुमान १०० कोटी टन, दुसऱ्याचे २०० कोटी टन धरा. दोघे चिकटून गेले तर संवेगाच्या अक्षय्यतेवरून एकत्र वेग ७५२ किमी/से. तोच वेग घेऊन पुढची वाट पुन्हा त्याच सूत्राने चालवली तर पृथ्वीपर्यंत आणखी ४१ तास लागतात आणि आगमनाचा वेग ५७३ राहतो.

हे उत्तर परस्परक्रिया न मानलेल्या उत्तराशेजारी ठेवा. एकटा पहिला ७८.७ तासांनी आला असता, एकटा दुसरा स्वतःच्या सुटण्यापासून ४८ तासांनी. टक्कर झाल्यावर पहिला १४ तास लवकर येतो आणि दुसरा चार तास उशिरा. दोन वेगळ्या धक्क्यांची वाट पाहणाऱ्याला एकच, जास्त दाबलेला धक्का मिळतो, आणि तोही वेगळ्या वेळी.

आता एकेक गृहीतक हलवून पाहा. वस्तुमानांची अदलाबदल केली तर एकत्र वेग ७५२ ऐवजी ६१९. वस्तुमान करोनाग्राफमधल्या उजेडावरून काढतात आणि त्यात मोठी अनिश्चितता असते, म्हणून हा फरक खराखुरा आहे. दोघे चिकटले नाहीत, रबरी चेंडूंसारखे उसळले असे धरले तर पहिला १,०१८ने पुढे सुटतो आणि दुसरा ६१९वर येतो. पहिल्याने वाट साफ केली म्हणून दुसऱ्याची रोधलांबी दुप्पट धरली तर भेट ११.३ ऐवजी ९.७ तासांत, ५.२ कोटी किलोमीटरवर होते.

प्रत्यक्षात टक्कर कशी असते? टकरीनंतर दूर जाण्याचा वेग भागिले आधी जवळ येण्याचा वेग, याला प्रत्यानयन गुणांक म्हणतात. शून्य म्हणजे चिकटणे, एक म्हणजे पूर्ण उसळणे. नोव्हेंबर २००८मधल्या एका जोडीचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकूण गतिज ऊर्जा सुमारे ६.६ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष होता. म्हणजे गुणांक एकापेक्षा जास्त. हे चेंडूंना शक्य नाही. सीएमईला शक्य आहे, कारण त्याच्या पोटात चुंबकीय आणि औष्णिक ऊर्जा साठलेली असते आणि टकरीत ती गतीत उतरू शकते. या निष्कर्षावर पुढे बरीच चर्चा झाली आहे, कारण दिशेतली थोडी चूक गुणांक बराच बदलते. पण सीएमई म्हणजे ढेकूळ नव्हे हे त्यातून नीट समजते.

या गणितातली एक त्रुटी मुद्दाम सांगतो. आपण दोन्ही उद्रेकांच्या पुढच्या कडा जुळवल्या. पुढच्या उद्रेकाला जाडी आहे. ती एक कोटी किलोमीटर धरली तर ४०० किमी/सेच्या वेगफरकाने ती ओलांडायला सातेक तास लागतात. म्हणजे मागच्याचा स्पर्श पुढच्याच्या पाठीला कितीतरी आधी झालेला असतो. ही टक्कर क्षणाची नसते, ती काही तास चालणारी रेटारेटी असते.

पायरी ५: वाटेतली गाठ पाहा

स्टिरिओवरचे हेलिओस्फेरिक इमेजर सूर्यापासून ४ अंशांवर सुरू होऊन जवळजवळ ९० अंशांपर्यंतचे आकाश पाहतात. त्यांच्या प्रतिमांमधून सूर्य-पृथ्वी रेषेवरची एक पातळ पट्टी कापायची आणि अशा पट्ट्या वेळेनुसार शेजारी-शेजारी लावायच्या. या चित्राला जे-मॅप म्हणतात. प्रत्येक उद्रेक त्यात तिरकी रेघ होऊन दिसतो. वेगवान उद्रेकाची रेघ जास्त उभी. दोन रेघा जिथे एकत्र येतात तिथे भेट झाली असावी.

'असावी' म्हणतो कारण रेघा कोनाच्या आहेत, अंतराच्या नाहीत. कोनाचे अंतर करायला दिशा गृहीत धरावी लागते. दोन उद्रेक वेगवेगळ्या अंतरावर असूनही आपल्याला एकाच कोनात दिसू शकतात. म्हणून पायरी ३मधल्या दिशा आणि पायरी ४मधली वेळ या दोन्हींशी जुळले तरच भेट मान्य करा.

रेडिओचा पुरावा वेगळ्या वाटेने येतो. आघातलाट पुढे सरकताना कमी होत जाणाऱ्या वारंवारतेचा टाइप-२ रेडिओ झोत सोडते. वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमुळावर ठरते. मागची लाट पुढच्या उद्रेकाच्या दाट भागात शिरली की हा झोत काही काळ उजळतो, रुंदावतो. विंड यानावरचे वेव्हज उपकरण १९९४पासून हे ऐकते आहे.

पायरी ६: सिम्युलेशन

इथे बहुतेक नवखे थेट सर्वांत मोठ्या कोडकडे धावतात. तसे करू नका.

पहिल्यांदा एचयूएक्सटी घ्या. रीडिंग विद्यापीठात तयार झालेले हे मुक्त पायथन कोड लॅपटॉपवर सेकंदांत चालते. ते फक्त सौरवाऱ्याचा वेग सोडवते, घनता आणि चुंबकीय क्षेत्र नाही. त्यामुळे दाबले जाणे त्यात दिसणार नाही. पण उद्रेकाची दिशा, रुंदी, वेग थोडे-थोडे बदलून शेकडो रन करता येतात आणि कोणत्या आकड्याला उत्तर जास्त संवेदनशील आहे ते दिसते. ही जाण दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या स्वस्तात येत नाही.

मग एन्लिल. हे त्रिमितीय एमएचडी कोड, म्हणजे प्लाझ्माला चुंबकीय क्षेत्र असलेला द्रव मानून सोडवणारे, अमेरिकेच्या हवामान यंत्रणेत २०११पासून रोजच्या भाकितासाठी वापरात आहे. सीसीएमसीच्या संकेतस्थळावर विनंती नोंदवली की ते तुमच्यासाठी रन चालवून देतात, पैसे लागत नाहीत. आतली सीमा २१.५ सौर त्रिज्यांवर. तिथे सौरवाऱ्याचा नकाशा भरतात आणि उद्रेक म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने ओतलेला दाट गोळा. या गोळ्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नसते. म्हणून आगमनाची वेळ आणि वेग यांसाठी एन्लिल ठीक, पण पृथ्वीवर वादळ किती तीव्र होईल हे त्यावरून सांगता येत नाही.

ते सांगायचे तर उद्रेकात पिळाचा दोर घालावा लागतो. युफोरिया या युरोपीय कोडमध्ये साध्या शंकूबरोबर चुंबकीय स्फेरोमॅक, म्हणजे पिळाच्या क्षेत्राचा स्वतःतच मिटलेला गोळा, घालण्याची सोय आहे. इटलीतल्या तोरिनोमध्ये विकसित झालेले प्लूटो हे कोडही अनेक गट वापरतात, आणि इंदूरच्या आयआयटीमध्ये त्याच्या आधारे स्वस्ति ही चौकट उभी राहिली आहे. स्फेरोमॅक वापरताना एक सावधगिरी: तो सौरवाऱ्यात शिरल्यावर स्वतःच कलंडू शकतो. पृथ्वीपाशी चुंबकीय दिशा चुकली तर दोष टकरीला देण्याआधी एकटा उद्रेक सोडून तो सरळ राहतो का ते तपासा.

कोड कुठलेही असो, रन चार करा. एक, नुसता वारा. दोन, फक्त पहिला उद्रेक. तीन, फक्त दुसरा. चार, दोघे. शेवटच्या उत्तरातून मधली दोन वजा करून, आणि दोनदा वजा झालेला वारा एकदा परत मिळवून, जे उरते ती परस्परक्रिया. नुसत्या वाऱ्याचा रन आधी प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहा. त्यातच वारा १०० किमी/सेने चुकला असेल तर उद्रेकांचे आकडे कितीही घोटले तरी उपयोग नाही.

ग्रिडबद्दल थोडे. उद्रेकांमधली सीमा पातळ असते. खडबडीत ग्रिडवर, म्हणजे कोडने अवकाश मोठमोठ्या चौकटींत वाटले असेल तर, ती पुसट होते, आणि दोन चुंबकीय दोर प्रत्यक्षात जुळायच्या आधीच कोडमध्ये एकमेकांत मिसळतात. ही मिसळ भौतिकी नसते, ग्रिडची असते. तोच रन दुप्पट बारीक ग्रिडवर करून पाहा. भेटीची वेळ हलली नाही आणि फक्त सीमा तीक्ष्ण झाली, तर वेळेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पायरी ७: एल१वर पडताळा

एल१वर विंड, एस आणि डिस्कव्हर ही याने आहेत, आदित्य-एल१वर चुंबकत्वमापी आणि कण मोजणारी उपकरणे आहेत. सेकंदाला ६०० किलोमीटरच्या वाऱ्याला तिथून पृथ्वीपर्यंत यायला सुमारे ४२ मिनिटे लागतात. या यानांची मोजमापे एकत्र करणाऱ्या ओम्नी संचातली मोजमापे पृथ्वीजवळच्या वेळेला सरकवलेली असतात. यानाची मूळ वेळ आणि ओम्नीची वेळ एकाच आलेखात टाकू नका.

सुटा उद्रेक आलेखात ओळखू येतो. आधी आघातलाट, मग खवळलेला पट्टा, मग शांत, थंड, सावकाश दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र. जोडीमध्ये याची मोडतोड झालेली असते. दोन वेगळे दोर दिसले आणि मध्ये तापलेला, दाबलेला पट्टा असला तर दोघे चिकटूनही आपापली ओळख राखून आहेत. शांत दोराच्या मध्येच वेग आणि क्षेत्र एकदम उडी मारत असेल तर मागच्याची लाट पुढच्याच्या आत सापडली आहे. आणि काहीच ओळखीचे नसेल, लांबलचक गोंधळ असेल, तर तो मिश्र उद्रेक. त्यातून मूळ उद्रेक वेगळे काढण्याचा हट्ट धरू नये.

सर्वांत महत्त्वाची रेघ बीझेडची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण घटकाची. ती उणे, म्हणजे दक्षिणेकडे वळली की पृथ्वीचे चुंबकीय कवच उघडते. मे २०२४मध्ये ती उणे ५० नॅनोटेस्लाच्या आसपास गेली होती. दाबले गेल्याने क्षेत्र वाढते, पण ते दक्षिणेकडे असेल तरच घातक. उत्तरेकडचे क्षेत्र दुप्पट झाले तरी वादळ उठत नाही.

सुट्या उद्रेकाच्या आगमनाच्या भाकितातही दहाएक तासांची चूक नेहमीची आहे. तेव्हा तुमची जोडी सहा तासांनी चुकली म्हणून निराश होऊ नका, आणि दोन तासांत जुळली म्हणून लगेच खूशही होऊ नका. वेग, घनता आणि आगमन तिन्ही जुळली का ते पाहा. एकच जुळणे हे दोन चुका एकमेकींना खोडण्यानेही होते.

सरावासाठी घटना

पहिली फेब्रुवारी २०११ची घ्या. १३ ते १५ फेब्रुवारीदरम्यान डागसमूह १११५८मधून तीन उद्रेक निघाले, शेवटचा एक्स-२.२ ज्वालेबरोबर (एक्स हा ज्वालांचा सर्वांत तीव्र वर्ग). ६ फेब्रुवारीलाच दोन्ही स्टिरिओ याने एकमेकांपासून १८० अंशांवर आली होती, त्यामुळे पृथ्वीकडे येणारे उद्रेक दोन्ही बाजूंनी आडवे दिसतात. शिकायला इतकी चांगली मांडणी पुन्हा मिळालेली नाही. वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या यावर करा.

मग मे २०२४. उद्रेक जास्त, कोन वाईट, आणि कोणता कोणाला मिळाला यावर अनेक मते. इथे घाई न करता फक्त पहिले दोन घ्या.

शेवटी २३ जुलै २०१२. त्या दिवशी काही मिनिटांच्या अंतराने दोन उद्रेक सुटले, एकत्र झाले आणि स्टिरिओ-एवर आदळले. सूर्यापासून तिथपर्यंत सुमारे १८.६ तास. चुंबकीय क्षेत्र १०९ नॅनोटेस्लापर्यंत चढले. पृथ्वी तेव्हा त्या दिशेला नव्हती. फक्त २३ तारखेचे दोन उद्रेक घालून रन केला तर ते यानावर उशिरा पोचतात, आणि नवखा माणूस वेग वाढवून आकडे जुळवायला लागतो. वेगाला हात लावू नका. १९ जुलैला त्याच दिशेने एक उद्रेक आधीच निघून गेला होता आणि वाट विरळ झाली होती. या घटनेसाठी प्रतिमा उतरवताना तारीख १९पासून लावा, आणि तो तिसरा उद्रेकही पायरी १पासून मोजा.